रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यांस

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, कर्करुग्णांच्या घरच्या मंडळींसाठी बारवी धरणाच्या परिसरात भरविलेल्या मेळाव्यात धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आजवर पुष्कळ समारंभ झाले. कृतज्ञतेची मिस्सा झाली, मिरवणूक निघाली, जुन्या जाणत्या मंडळींचा सत्कार झाला. आजचा मेळावा मात्र त्या सर्वांहून निराळा आहे. आज ज्यांना येथे मुद्दाम बोलाविले आहे, ती मंडळी सहसा कोणत्याही समारंभात दिसत नाहीत. ती मिस्साला येतात तेव्हा शेवटच्या बाकावर बसतात आणि समाप्तीचा आशीर्वाद मिळताच घाईने निघून जातात; कारण घरी कोणीतरी त्यांची वाट पाहत असते. ज्यांच्या घरी कर्करोगाने आजारी असलेले माणूस आहे, किंवा नुकतेच होते, अशी ही तुम्ही मंडळी. आज तुम्हाला येथे चार घटका येता यावे म्हणून या क्षणी तुमच्या घरी धर्मभगिनी, युवक-युवती व शेजारी बसलेले आहेत. त्यांचे आभार मी प्रथम मानतो. कारण मला आज जे सांगावयाचे आहे, ते त्यांनी माझ्या सांगण्यापूर्वीच करून दाखविले आहे.

माझा विषय असा, की रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःच्या शरीरास नित्य व्यायाम द्यावा आणि तो त्यास देता यावा अशी सोय आपण सर्वांनी मिळून करावी. हा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. मी काही तालमीत घुमलेला मनुष्य नव्हे, हे माझ्याकडे पाहताच कोणासही कळेल. सेमिनरीत असताना रोज सायंकाळी मैदानावर जाणे आम्हांस सक्तीचे होते, आणि तो वेळ अभ्यासातून व प्रार्थनेतून चोरला जात आहे असे त्या वयात मला प्रामाणिकपणे वाटे. ज्यांनी तो नियम घातला ते शहाणे होते, हे कळावयास मला फार वर्षे लागली.

आपण आज बदलापुराहून मुळगावच्या रस्त्याने या धरणापाशी आलो. हे पाणी कोठे जाते याचा विचार करा. औद्योगिक वसाहतींतील कारखाने, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे, मीरा-भाईंदर, इतक्या सर्वांच्या घागरी या एका जलाशयाच्या आधारावर भरतात. बारवी वर्षभर देते. परंतु तिला मिळते ते पावसाळ्याच्या चार महिन्यांतच. त्या चार महिन्यांत धरण भरत असता ‘हे आपल्यापुरतेच पाणी साठवीत आहे’ असा दोष त्यास कोणी देत नाही. दुसरी गोष्ट अशी, की उंची वाढविल्यापासून पाण्याची पातळी 72.60 मीटरवर पोहोचली म्हणजे या धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात. भिंत कितीही भक्कम असली तरी तिने किती भार सोसावा यास मर्यादा आहे, हे बांधणाऱ्यांनी आधीच ओळखले व त्याप्रमाणे दारे ठेवली. तिसरी गोष्ट विसरण्याजोगी नाही. या पाण्यासाठी कित्येक कुटुंबांची घरे व जमिनी पाण्याखाली गेल्या. नळ सोडणाऱ्यास त्यांची आठवण क्वचितच होते. रुग्णाच्या घरीही असेच घडते. रुग्णाची विचारपूस सर्वजण करतात. ज्याचे आयुष्य त्या आजाराखाली बुडाले आहे, त्याची आठवण कोणास राहत नाही. मलाही ती राहिली नव्हती. तीच हकीकत मी प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील एका गृहस्थास आतड्याचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, केमो झाले, तरी रोग हटला नाही, आणि शेवटी त्यांनी अंथरूण धरले. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघर जात असे. त्या घरी गेलो म्हणजे त्यांची पत्नी पेटलेली मेणबत्ती हाती घेऊन दारात उभी असे. खाटेजवळच्या मेजावर पांढरे वस्त्र, क्रूस व पाण्याचा पेला मांडलेला असे. मी रुग्णाची विचारपूस करी, वेदना कितपत आहेत, झोप लागते काय, जेवण जाते काय, हे सर्व विचारी. प्रार्थना म्हणे, ख्रिस्तशरीर देई व पुढच्या घरी जाई. असे अकरा महिने चालले. त्या अकरा भेटींत ‘आणि तुम्ही कशा आहात?’ असे त्या बाईंस मी एकदाही विचारले नाही.

बाराव्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे त्या ख्रिस्तशरीरापुढे गुडघे टेकून बसल्या. प्रार्थना संपली. मी उठलो, त्या उठल्या नाहीत. भक्तीत मग्न असतील असे समजून मी थोडा वेळ थांबलो. तेव्हा त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “फादर, मला उठता येत नाही.” त्याबरोबर खाटेवरच्या त्या अस्थिपंजर गृहस्थांनी आपला हात अंथरुणाबाहेर काढून त्यांच्यापुढे धरला. ज्यांना त्या बाई दिवसातून दहा वेळा उठवून बसवीत, ते त्यांना उठवू पाहत होते.

त्या बाईंचे वय तेव्हा बावन्न होते. पुढे डॉक्टरांनी तपासले, तेव्हा पुष्कळ गोष्टी बाहेर आल्या. वर्षभर त्या खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून निजत होत्या, आणि सलग तीन तास झोप त्यांना क्वचितच मिळत होती. वाण्याचे दुकान व औषधाचे दुकान यांपलीकडे त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. पतीस एकट्याने उचलताना कंबर वाकवून व पिळून त्यांच्या पाठीस दुखापत झाली होती. रक्तदाबाच्या त्यांच्या स्वतःच्या गोळ्या संपून कित्येक आठवडे झाले होते. पतीची सतरा औषधे ज्यांच्या वेळांसह तोंडपाठ होती, त्यांना स्वतःची एक गोळी आणावयास सवड झाली नव्हती.

बंधुभगिनींनो, ही एका घराची गोष्ट नव्हे. आपल्या देशात 2022 या एका वर्षात कर्करोगाचे सुमारे 14 लाख नवे रुग्ण झाले असा अंदाज आहे. जितके रुग्ण तितक्या खाटा; आणि बहुतेक प्रत्येक खाटेच्या उशाशी एक पत्नी, एक मुलगी, एक सून, एक भाऊ, क्वचित एक पतीही. पहाटेच्या अंधारात बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथून निघणाऱ्या लोकलमध्ये एका हातात रिपोर्टांची पिशवी व दुसऱ्या हाताने रुग्णाचा दंड धरून बसलेली ही माणसे तुम्ही पाहिली आहेत. किंबहुना ती माणसे तुम्हीच आहात. परळास उतरावे, रांग धरावी, केसपेपर घ्यावा, एका खिडकीवरून दुसरीकडे जावे, आणि रात्री परत येऊन स्वयंपाकास लागावे.

परळचे टाटा रुग्णालय ज्या कारणाने उभे राहिले, तेही असेच आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई या रक्ताच्या कर्करोगाने 1931 साली परदेशात वारल्या. जगातील सर्व वैद्यकीय साहाय्य विकत घेता येईल इतके द्रव्य असूनही सर दोराबजींना पत्नीस वाचविता आले नाही. त्यानंतर एक वर्ष पुरे होण्यापूर्वीच, 1932 साली, तेही निवर्तले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून 1941 साली ते रुग्णालय उघडले. आज आपल्या भागातील गोरगरीब तेथे उपचार घेतात त्याच्या मुळाशी एका शोकाकुल पतीचे दुःख आहे. शुश्रूषा करणाऱ्याचे दुःख वाया जाऊ न देता त्यातून दुसऱ्यासाठी काही उभे करता येते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणते ते पाहू. अमेरिकेतील शुल्झ व बीच या दोन संशोधकांनी वृद्ध जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांचा सुमारे चार वर्षे मागोवा घेतला आणि 1999 साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांना शुश्रूषेचा ताण असह्य होत होता, त्यांच्या मृत्यूचा धोका तशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी अधिक आढळला. ते सर्व काही कर्करुग्णांचे नातेवाईक नव्हते, हे सांगितले पाहिजे. परंतु या निष्कर्षाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. जे शुश्रूषा करीत होते पण तिच्या ताणाखाली चिरडले गेले नव्हते, त्यांच्यात असा वाढीव धोका स्पष्ट दिसला नाही. म्हणजे मनुष्यास मारते ती सेवा नव्हे; तर विश्रांतीवाचून, सोबतीवाचून व शरीराची निगा न राखता एकट्याने ओढलेला तिचा भार मारतो.

हा भार हलका करण्याचा एक उपाय म्हणून व्यायामाकडे अलीकडे लक्ष गेले आहे. व्यायामाचे शास्त्र महाराष्ट्रास नवे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली निघाले. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम 1924 साली स्थापिले. परंतु रात्रभर जागलेल्या, पन्नाशी उलटलेल्या, मनात भीती व पाठीत कळ घेऊन वावरणाऱ्या गृहिणीस झेपेल असा व्यायाम कोणता, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नव्हता. कॅनडातील कॅल्गरी येथे केवळ कर्करुग्णांच्या घरच्या मंडळींसाठी व्यायामाचा कार्यक्रम आखून त्याची रीतसर चाचणी घेण्यात आली. अमेरिकेतील ओरेगन येथे प्रोस्टेटच्या कर्करोगातून उठलेले पुरुष व त्यांच्या पत्नी अशा 64 जोडप्यांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या जोडप्यांनी सहा महिने, आठवड्यातून दोन वेळा, एकत्र व्यायाम केला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतात पतींची शक्ती वाढल्याचे तर नमूद आहेच, शिवाय पत्नींची शारीरिक क्षमताही सुधारल्याचे नमूद आहे. असे अभ्यास अद्याप थोडे व लहान आहेत, आणि व्यायामाने घरातील दुःख नाहीसे होते असे कोणी म्हणत नाही. परंतु नियमित हालचालीने झोप सुधारते, मनाची उदासी काही अंशी उतरते, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात राहण्यास साहाय्य होते, हे आता निर्विवाद आहे. आणि या सर्वांची गरज रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यापेक्षा अधिक कोणास असणार?

येथे तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात जी शंका आहे, ती मला ठाऊक आहे. ती शंका वैद्यकाची नव्हे, विवेकबुद्धीची आहे. ‘माझे माणूस वेदनेने तळमळत असता मी फिरावयास जाऊ? लोक काय म्हणतील? आणि देव काय म्हणेल?’

लोक काय म्हणतील याचे उत्तर मी पुढे देईन. देव काय म्हणेल याचे उत्तर पवित्र शास्त्रात आहे. एलिया संदेष्टा रानात एका झुडपाखाली जाऊन पडला आणि ‘आता माझा प्राण घे’ असे देवाजवळ मागू लागला, ती कथा आठवा. इतका थोर संदेष्टा इतका खचला असता देवाने त्याची निर्भर्त्सना केली नाही, किंवा त्यास उपदेशही केला नाही. देवाने त्यास झोपू दिले. देवदूताने त्यास जागे करून भाकर व पाणी दिले. पुन्हा झोपू दिले. पुन्हा खाऊ घातले. आणि मग, वाट लांबची आहे असे सांगून, चालावयास लाविले. तो चाळीस दिवस चालत होरेब पर्वतापर्यंत गेला, आणि देवाची मंद वाणी त्यास तेथे ऐकू आली. झोप, अन्न, चालणे, आणि त्यानंतर देववाणी: हा क्रम आपण नीट ध्यानात ठेविला पाहिजे. आपण खचलेल्या मनुष्यास प्रथम उपदेश करतो, आणि त्याच्या भाकरीची व झोपेची चौकशी करावयाचे विसरतो.

मोशेची गोष्टही तशीच. युद्ध चालू असता त्याचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होई. परंतु हात जड झाले. तेव्हा अहरोन व हूर यांनी प्रथम त्यास बसावयास एक धोंडा आणून दिला, आणि मग दोहोंकडून त्याचे हात धरून ठेविले. मोशेची श्रद्धा कमी पडली नव्हती. त्याचे स्नायू थकले होते. श्रद्धेस स्नायूंचा आधार लागतो, हे सांगावयास पवित्र शास्त्र लाजत नाही.

शेजाऱ्यावर किती प्रीती करावी याचे माप प्रभूने आपल्या स्वतःवरील प्रीतीतच घालून दिले आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवेचनात आरोग्य हे देवाने सोपविलेले देणे म्हटले असून त्याची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य सांगितले आहे. त्याबरोबरच देहाचेच स्तोम माजवू नये असा इशाराही दिला आहे. म्हणजे आपणांस मार्ग मधला आहे. दुसऱ्याची खाट राखण्यासाठी स्वतःचे शरीर राखणे, हा चैनीचा प्रकार नव्हे. तो सेवेचाच एक भाग होय.

कर्करुग्णांचे आश्रयदाते संत पेरेग्रीन यांचे नाव आपणांस परिचित आहे. इटलीतील फोर्ली गावचे हे संन्यासी 1345 साली वारले व 1726 साली त्यांची संतपदावर घोषणा झाली. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तीस वर्षे शक्यतो खाली बसणेच वर्ज्य केले होते, आणि पुढे त्यांच्या पायास भयंकर व्रण झाला, असे परंपरा सांगते. पाय कापावयाच्या आदल्या रात्री ते सरपटत क्रूसापाशी गेले, आणि क्रूसावरून प्रभूने हात खाली करून त्यांच्या पायास स्पर्श केल्याचे त्यांनी पाहिले. प्रभूने उभे राहण्याच्या त्यांच्या तपाची वाखाणणी केल्याचे त्या कथेत नाही. प्रभूने दुखऱ्या पायास हात लावला, एवढेच आहे. रुग्णसेवेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. हे मी फिजिओथेरपिस्ट व डॉक्टरांकडून शिकून घेतले आहे. ज्यांना हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मधुमेह किंवा पाठीचे जुने दुखणे आहे, त्यांनी प्रथम डॉक्टरांस विचारावे. छातीत दुखणे, धाप लागणे, घेरी येणे असे काही झाल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांकडे जावे.

पहिली गोष्ट चालणे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितल्याप्रमाणे प्रौढ मनुष्याने आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. आकडा ऐकून घाबरू नका. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालले की 150 मिनिटे भरतात. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल हिशेबात धरीत नसत. 2020 साली ती अट काढून टाकण्यात आली. रुग्णास डुलकी लागली असता अंगणात घातलेल्या पाच मिनिटांच्या फेऱ्याही आता हिशेबात येतात. मध्यम श्रम कसे ओळखावे? चालताना बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये. आपल्या भाषेत सांगावयाचे तर चालता चालता जपमाळ म्हणता यावी, पण गायनमंडळाचे गीत गाता येऊ नये! इस्पितळात नंबर येण्यास तास दोन तास असतात; तेथे बाकावर आखडून न बसता आळीपाळीने व्हरांड्यातून फेऱ्या घालाव्या. रुग्णास डॉक्टरांची परवानगी असेल तर त्यालाही बरोबर घ्यावे. कर्करुग्णांसही आठवड्यातून तीन वेळा प्रत्येकी अर्धा तास चालणे हितावह असल्याचे जगभरच्या तज्ज्ञांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत सांगितले आहे.

दुसरी गोष्ट अंगातील बळ. आठवड्यातून दोन दिवस तरी मोठ्या स्नायूंस काम द्यावे. यास कसलेही साहित्य लागत नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे व बसावे. भिंतीपासून दोन पावले मागे उभे राहून, तळवे भिंतीस टेकून, जोर काढावेत. स्वयंपाकाच्या ओट्यास धरून टाचा उचलाव्या व टेकाव्या. कुकरची एक शिटी होईपर्यंत हे सहज होते. उताणे निजून, गुडघे उभे करून, कंबर हळूच वर उचलावी व खाली ठेवावी. खांदे वर, मागे व खाली असे फिरवावेत. सर्व मिळून पंधरा मिनिटांचे काम. पहिल्या आठवड्यात निम्मेच करावे.

तिसरी गोष्ट रुग्णास उचलण्याची रीत. पाठी जातात त्या येथे. रुग्णाच्या बगलेत हात घालून त्यास कधीही ओढू नये. त्याचा खांदा दुखावतो व तुमची कंबर जाते. प्रथम त्याचे गुडघे वाकवून त्यास आपल्या बाजूच्या कुशीवर वळवावे. मग त्याचे पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडावेत, आणि पाय खाली जात असतानाच खांद्यामागे हात देऊन त्यास बसते करावे. पायांचा भार निम्मे काम करतो. तुमचे पाऊल एक पुढे व एक मागे असावे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, आणि रुग्ण तुमच्या अंगाजवळ. वळावयाचे तर पावले वळवावीत, कंबर पिळू नये. अंथरुणात वर सरकवावयाचे असल्यास त्याच्याखाली दुहेरी चादर घालून दोघांनी दोहोंकडून ती धरावी. हे काम एकट्याने करू नये. खाट फार ठेंगणी असेल तर पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे घालावेत. मात्र रुग्ण स्वतः उठून चालत असेल तर खाट उंच करू नये, पडण्याचे भय असते. रोग हाडांत पसरला असल्यास कसे उचलावे हे डॉक्टरांकडूनच शिकून घ्यावे.

चौथी गोष्ट विश्रांती. रात्र सगळी जागरणात गेली असेल तर त्या दिवशी व्यायाम नको; प्रथम झोप. एलियाचा क्रम विसरू नका.

हे सर्व ऐकून तुमच्यापैकी एखादी भगिनी मनातल्या मनात म्हणत असेल, ‘फादर, सांगता ते खरे, पण अर्धा तास मी आणू कोठून?’ बाई, हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो तुम्हास नव्हे, आम्हास आहे. व्यायाम कसा करावा हे ठाऊक नाही म्हणून तो राहत नाही. खाटेपाशी दुसरे कोणी बसावयास नाही म्हणून तो राहतो. कफर्णहूमास त्या पक्षघाती मनुष्यास प्रभूपाशी आणावयास चार जण लागले. चौघांच्या खांद्यावर ती बाज आली म्हणून छपरावर चढली. आपण मात्र एका स्त्रीच्या खांद्यावर आख्खी बाज ठेवतो, आणि ती किती सोशिक आहे असे म्हणून तिची स्तुती करतो. ही स्तुती थांबवून आपण बाजेचा एक कोपरा धरावा, हेच माझे आज मागणे आहे.

त्या बाराव्या शुक्रवारानंतर त्या धर्मग्रामात आम्ही हेच केले. शेजारच्या तीन घरांनी वार वाटून घेतले. आठवड्यातून तीन दिवस सकाळी तासभर कोणी ना कोणी त्या गृहस्थांपाशी बसे, आणि बाई दोघी मैत्रिणींबरोबर चालावयास जात. पहिल्या दिवशी त्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन रडत परत आल्या. दुसऱ्या आठवड्यात स्टेशनपर्यंत गेल्या. लोक काय म्हणाले? एक दोघे बोलले. परंतु बरोबर चालणाऱ्या दोघी असल्या म्हणजे बोलणाऱ्यांचे तोंड लवकर बंद होते. पाठीचे दुखणे संपूर्ण गेले नाही, पण कमी झाले. गृहस्थ मात्र बरे झाले नाहीत. पुढे चार महिन्यांनी ते प्रभूघरी गेले. अखेरच्या रात्री बाई जाग्या होत्या, उभ्या होत्या, आणि त्यांचा हात त्यांच्या हातात होता. व्यायामाने मरण टळले नाही. त्या मरणाच्या वेळी उभे राहण्याचे बळ मात्र मिळाले. आज त्याच बाई दुसऱ्यांच्या घरी खाटेपाशी बसतात.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाची खूण म्हणून, घंटा किंवा कमान यांच्या जोडीस, आपण एक वही सुरू करू. ती धर्मग्रामाच्या कचेरीत राहील. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या हद्दीतील अशा घरांची नोंद करावी, धर्माचा व जातीचा भेद न ठेवता करावी, आणि प्रत्येक घरास आठवड्यातून तीन वेळा एक तास द्यावा. पुरुष रुग्णापाशी पुरुषांनी, स्त्री रुग्णापाशी स्त्रियांनी जावे. आपल्यातील परिचारिका भगिनी बसणाऱ्यांस आवश्यक ते शिकवतील. बसणाऱ्यांस माझी एकच विनंती आहे: तेथे बसून ‘अमक्यालाही हाच रोग होता, तो दोन महिन्यांत गेला’ अशा गोष्टी सांगू नका, आणि झाडपाल्याची औषधे सुचवू नका. पाणी मागितले तर द्या, प्रार्थना मागितली तर म्हणा, नाही तर शांत बसा. ज्या घरी दुखणे हाताबाहेर गेले आहे, त्यांनी वांद्र्याच्या शांती अवेदना सदनासारख्या संस्थांची चौकशी करण्यास संकोच करू नये. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 साली स्थापिलेले हे भारतातील पहिले हॉस्पिस होय. तेथे रुग्णास नेणे म्हणजे त्यास टाकणे नव्हे.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, तुम्हासही एक गोष्ट सांगतो. मदत देणे तुम्हास येते. मदत घेणे येत नाही. ‘कशाला उगीच त्रास’ असे म्हणून दाराशी आलेल्यास परत पाठवू नका. क्रूसाच्या वाटेवरील पाचव्या स्थानी आपण काय पाहतो? प्रत्यक्ष प्रभूने कुरेनेकर शिमोनास आपल्या क्रूसास हात लावू दिला. जे प्रभूने नाकारले नाही, ते तुम्ही नाकारू नका.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 साली जागतिक रुग्णदिन नेमून दिला, आणि 1993 पासून तो दरवर्षी 11 फेब्रुवारीस, लूर्द मातेच्या सणादिवशी, पाळला जातो. पुढच्या त्या दिवशी रुग्णांबरोबर त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांसही आपण वेदीपुढे बोलावू व त्यांच्यावर आशीर्वाद मागू. तोवर माझ्याकडून एक वचन घ्या. यापुढे मी, किंवा ख्रिस्तशरीर घेऊन येणारा कोणीही सेवक, तुमच्या घरी आला म्हणजे रुग्णाची विचारपूस झाल्यावर दारात मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या तुम्हासही दोन प्रश्न विचारील: ‘तुम्ही कशा आहात? या आठवड्यात किती दिवस चालावयास गेलात?’ मी विसरलो तर तुम्ही मला आठवण द्या.

आता ऊन उतरले आहे. मी आणखी बोलत बसलो तर माझ्याच उपदेशाचा भंग होईल. चला, आपण सर्वजण मिळून या रस्त्याने अर्धा तास चालू. पाण्यात मात्र कोणी उतरू नये. जपमाळ बरोबर घ्या. परमेश्वर तुमच्या रुग्णांस शांती, आणि तुमच्या हातापायांस बळ देवो. आमेन.